गावची शीव आणि चर्चचं छप्पर

मागच्या उन्हाळ्यात आई वाईहून माझ्याकडे आली होती. आम्ही इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरमध्ये, वेल्सच्या हद्दीजवळच्या एका लहान गावात राहतो. दीडेकशे उंबरा, एक पब, एक चर्च. दुकान बंद पडलं त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघी फिरायला निघालो, तर चर्चच्या आवारात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई यंत्राने गवत कापत होत्या आणि दोन पोरं दगडी भिंतीवर बसून चिप्स खात होती. आईने मनोऱ्याकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं गं? गावाचं, सरकारचं, की ट्रस्टचं?"

देवळाबाबत आपल्याकडे कुणीही हाच प्रश्न पहिला विचारेल. मला मात्र त्याचं एका वाक्यात उत्तर देता येईना. नंतरचे पंधरा दिवस आम्ही दोघी जमेल तसं ते उत्तर जुळवत होतो. इंग्लंडमधलं खेडं कसं चालतं हे कळायला याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही, म्हणून ते सगळं इथे लिहिते आहे.

सुरुवात 'पॅरिश' या शब्दापासून करावी लागते. आपल्याकडे एखाद्या चर्चची 'मंडळी' म्हटलं की डोळ्यांसमोर माणसं येतात: त्या पंथाची, तिथे उपासनेला जाणारी. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे इथल्या अधिकृत चर्चमध्ये, आधी येते जमीन. संपूर्ण इंग्लंड या पॅरिशमध्ये वाटलेलं आहे. आज त्या साधारण साडेबारा हजार आहेत, आणि शेताचा, ओढ्याचा, माळाचा जवळजवळ प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या शिवेत पडतो. बाराव्या शतकापर्यंत यातल्या बहुतेक शिवा ठरून गेल्या होत्या. ओढा, कुंपण, जुनं झाड, पुरलेला दगड यांवरून त्या आखलेल्या. त्या शिवेच्या आत जो राहतो तो तिथला पॅरिशकर. तो ख्रिस्ती असो, हिंदू असो, मुसलमान असो की देव न मानणारा असो. व्हिकरची, म्हणजे तिथल्या पाद्र्याची, नेमणूक होते तीही शिवेच्या आतल्या सगळ्या जिवांची काळजी वाहण्यासाठी. रविवारी चर्चमध्ये येणाऱ्या बारा माणसांपुरतीच ती नसते.

नकाशे नव्हते तेव्हा ही शीव लक्षात कशी ठेवायची? तर दरवर्षी ईस्टरनंतर पाचेक आठवड्यांनी, पिकांसाठी प्रार्थना करण्याचे जे दिवस येतात त्या दिवसांत, पाद्री आणि गावकरी मिळून शीव चालायचे. सोबत गावातली पोरं असायची. शिवेचा दगड आला की हातातल्या काठ्यांनी त्याला बडवायचं, आणि पोराला उचलून त्या दगडावर आपटायचं, कधी छडीही द्यायची. हेतू एवढाच की साठ वर्षांनी शेजारच्या गावाशी तंटा झाला तर त्याच पोराने म्हातारपणी शपथेवर सांगावं, दगड इथेच होता, मला चांगलं आठवतंय. काही गावांत हा रिवाज आजही चालतो, पोरांना मार न देता. आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे शिवेवरचा म्हसोबाच की." तंतोतंत तसंच नाही, पण तिने नेमकी जागा पकडली होती. गाव म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे माणसांनी दरवर्षी चालून, हात लावून कायम ठेवायचं असतं.

ही शीव किती खरी होती ते डर्बीशायरमधल्या ईम या गावात कळतं. १६६५ च्या शरदात लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचं एक गाठोडं आलं आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं मानलं जातं. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन याने गावाला सांगितलं की आपण शीव ओलांडायची नाही. तो तरुण होता, गावात नवा होता, आणि लोकांचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. मग त्याने टॉमस स्टॅन्लीला हाताशी धरलं. स्टॅन्ली हा तिथलाच आधीचा पाद्री, धर्ममतांवरून पदावरून दूर झालेला, पण गाव त्याला मानत होतं. दोघांनी मिळून गावाला राजी केलं. शिवेवरच्या दगडात खळगे होते. त्यांत व्हिनेगर भरून गावकरी नाणी बुडवून ठेवत आणि बाहेरची माणसं धान्य ठेवून ती नाणी घेऊन जात. चर्च बंद करून उपासना उघड्या घळीत होऊ लागली, म्हणजे कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी राहू शकतील. ज्याने त्याने आपापल्या घरचे मृत पुरले. एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं शेताच्या कडेला पुरली. चौदा महिन्यांत साधारण २६० माणसं गेली, त्यांत मॉम्पेसनची बायकोही होती. गावात ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आजही त्यांची आठवण म्हणून उपासना होते. आम्ही आईला तिथे घेऊन गेलो होतो. त्या दगडाच्या खळग्यात बोट घालून ती बराच वेळ उभी होती.

तर, शीव ठरली की तिच्या आतला कारभार कुणीतरी बघायला हवा. तो चर्चच्या अंगावर आला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. म्हणून इंग्लंडमधल्या साध्या शेतमजुराच्याही पूर्वजांचा माग कधीकधी चारशे-साडेचारशे वर्षं मागे जाऊन लागतो. १५५५ च्या कायद्याने रस्ते सुधारायचं काम पॅरिशवर आलं आणि गावकऱ्यांना वर्षातून ठरावीक दिवस बिनमजुरीचं राबावं लागू लागलं. १६०१ च्या कायद्याने गरीब, म्हातारे, अनाथ यांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि त्यासाठी कर घ्यायची मुभा दिली. हे सगळं ठरवणारी गावसभा चर्चच्या ज्या खोलीत भरे, त्या खोलीचंच नाव त्या सभेला पडलं: व्हेस्ट्री. देऊळ, ग्रामपंचायत, बांधकाम खातं आणि निराधार योजना, सगळं एका छपराखाली.

दया तिथे होती, तसा जाचही होता. परक्या पॅरिशची गरोदर गरीब बाई आपल्या शिवेत बाळंत झाली तर ते मूल उद्या आपल्या करावर पोसावं लागेल, म्हणून अशा बायांना शिवेपार हाकलल्याच्या नोंदी त्याच वह्यांमध्ये सापडतात. चर्चमधली पुढची बाकं जमीनदाराची, मजूर मागे. हा राग अनेक गावांत मेथडिस्ट चॅपलच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या एका पंथाच्या प्रार्थनाघराच्या, रूपाने उभा राहिला. चॅपल लहान, विटांचं, मजुरांनी वर्गणी काढून बांधलेलं. तिथे शेतमजूर स्वतः उभा राहून उपदेश करू शकत होता, म्हणजेच बोलायला आणि सभा चालवायला शिकत होता. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या मजुरांनी मजुरीतली कपात थांबावी म्हणून संघटना बांधली आणि १८३४ मध्ये त्यांच्यातल्या सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं गेलं. त्यांचा पुढारी जॉर्ज लवलेस मेथडिस्ट उपदेशक होता. देशभर एवढी ओरड झाली की त्यांना माफी देऊन परत आणावं लागलं. गावातल्या चर्चबद्दल प्रेमाने लिहिताना ही बाजू विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

१८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चपासून वेगळा काढला आणि निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं स्थापन केली. दिवे, बाकडी, खेळाचं मैदान, पायवाटा या गोष्टी ती पाहतात. नवख्याचा गोंधळ इथेच होतो, कारण नाव जुनंच राहिलं. पॅरिश कौन्सिल ही ग्रामपंचायत; पूजाअर्चेशी तिचा काडीचा संबंध नाही. चर्चचा कारभार पाहणारी ती पॅरोकियल चर्च कौन्सिल, म्हणजे पीसीसी. लहान गावात दोन्हीकडे तीच चार माणसं दिसतात ही गोष्ट वेगळी.

आता आईच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर. चर्चची इमारत आणि आवार यांची मालकी सर्वसाधारणपणे व्हिकरच्या नावे असते, पण विकायच्या अर्थाने अजिबात नाही. पद आहे तोवरच. आतल्या हलवता येणाऱ्या वस्तू, म्हणजे चांदीचा पेला वगैरे, दोन चर्चवॉर्डनच्या, म्हणजे गावाने निवडलेल्या कारभाऱ्यांच्या, ताब्यात. देखभाल-दुरुस्तीचा भार पीसीसीवर. साधं बाकडं हलवायचं, तरी बिशपच्या न्यायव्यवस्थेतली परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. आणि हक्क? हक्क शिवेतल्या रहिवाशांचे. रहिवाशाला आपल्या पॅरिशच्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा हक्क आहे, त्यासाठी रोज चर्चला जायची अट नाही. तिथल्या दफनभूमीत जागा शिल्लक असेल तर तिथे विसावण्याचाही हक्क आहे. आणखी एक हक्क असा, की तो ऐकून मी स्वतः चकित झाले होते.

चर्चवॉर्डन हे पद फार जुनं आहे. दरवर्षी वसंतात गावकऱ्यांची सभा भरते आणि दोघांना निवडते. उभं राहायला बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, पण मत द्यायला नाही! पॅरिशमध्ये राहणारा आणि स्थानिक निवडणुकीच्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही हात वर करू शकतो. भारत राष्ट्रकुलातला देश असल्यामुळे इथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही त्या यादीत नाव घालता येतं. म्हणून एका एप्रिलच्या गार संध्याकाळी, चर्चच्या एका कोपऱ्यात विजेच्या शेगडीभोवती बसलेल्या अकरा माणसांमध्ये मी, घरात गणपती बसवणारी बाई, हात वर करून मत देऊन आले. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सभा संपल्यावर बिस्किटांची बशी माझ्यापर्यंत आली तेव्हा शेजारच्या आजोबांनी एवढंच विचारलं, "चहाचं वेळापत्रक लावायचंय, तुमचं नाव जूनमध्ये घालू का?"

चर्चवॉर्डनची काठी असते. दोन बाकांच्या टोकांना दोन लांब काठ्या खोचलेल्या, एकीच्या टोकावर मुकुट, दुसरीवर बिशपचा टोप. मिरवणुकीत त्या पुढे धरतात. आईला चोपदार आठवले.

पैशाकडे वळते, कारण खरी कळ तिथे आहे. आपल्याकडे सर्रास समजूत असते की राजा चर्चचा प्रमुख, बिशप लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात, म्हणजे सरकार सगळं पोसत असणार. तसं नाही. पूर्वी व्यवस्था होती ती दशमांशाची. पिकाचा, लोकरीचा, कोकरांचा, अंड्यांचा दहावा हिस्सा चर्चला. धान्याचा मोठा हिस्सा ज्याला मिळे तो रेक्टर. पुष्कळ ठिकाणी हा रेक्टर म्हणजे दूरचा मठच असायचा. तो धान्य नेई आणि गावात आपला बदली माणूस ठेवी. तो व्हिकर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच बदली, आपल्या भाषेत मुतालिक. व्हिकरच्या वाट्याला भाजी, फळं, कोंबड्या असा किरकोळ हिस्सा यायचा. १८३६ मध्ये धान्याऐवजी रोख रक्कम ठरली, आणि १९३६ च्या कायद्याने ती पद्धत मोडीत निघाली. त्याआधी १८६८ मध्येच चर्चसाठीची सक्तीची पट्टीही बंद झाली होती.

पण जुन्या हक्कासोबत जुनं कर्तव्यही होतं. चर्चचा वेदीकडचा भाग रेक्टरने दुरुस्त करायचा आणि माणसं बसतात तो भाग गावाने. आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यांच्या जमिनी सरदारांना, व्यापाऱ्यांना विकल्या, आणि जमिनीबरोबर हे कर्तव्यही गेलं. जमीन पुढे हातोहात विकली गेली, तुकडे झाले, लोक विसरले. वॉरिकशायरमध्ये अॅस्टन कॅंटलो नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी दांपत्याला एक दिवस पत्र आलं की तुमच्या शेताबरोबर चर्चच्या वेदीकडच्या भागाच्या दुरुस्तीची जबाबदारी तुमच्याकडे आलेली आहे. त्यांनी नकार दिला आणि चर्चने दावा लावला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, पोचलं आणि २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. दुरुस्ती आणि कोर्टखर्च मिळून आकडा काही लाख पौंडांत गेला आणि शेवटी शेत विकायला काढावं लागलं. ज्याने सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना न बघता जमीन घेऊन पस्तावा केला आहे त्याला यातलं दुःख वेगळं समजवायला नको. या निकालाने खरेदीदार हादरले. पुढे ऑक्टोबर २०१३ पर्यंत अशी जबाबदारी नोंदवा, नाहीतर पुढच्या खरेदीदारावर ती लागणार नाही, असा नियम झाला. नोंदवावी की नाही यावरून गावोगावी पीसीसीमध्ये रात्री उशिरापर्यंत वाद झाले. नोंदवली तर शेजाऱ्याचं घर विकलं जाणार नाही, न नोंदवली तर चर्चचा हक्क घालवल्याचा ठपका आपल्यावर.

आज काय? व्हिकरचं मानधन, घर आणि निवृत्तिवेतन यांचा खर्च बिशपचं कार्यालय उचलतं, पण त्यासाठी प्रत्येक पॅरिशने दरवर्षी आपला वाटा भरायचा असतो. वीज, विमा, दुरुस्ती हे सगळं गावाने. चर्च ऑफ इंग्लंडच्या सोळाएक हजार चर्च-इमारती आहेत, त्यांतल्या बहुसंख्य सरकारच्या वारसा यादीत आहेत. चर्चनेच २०१५ मध्ये केलेल्या आढाव्यात दिसलं की ५७ टक्के इमारती ग्रामीण भागात आहेत आणि तिथे लोकसंख्येपैकी फक्त १७ टक्के लोक राहतात. गणित सरळ आहे: आठशे वर्षांच्या दगडी भिंतींवरचं छप्पर, आणि त्याखाली बसणारी बारा माणसं.

त्या छपराचीही कर्मकहाणी आहे. जुन्या चर्चवर शिशाचे पत्रे असतात. भंगारात शिशाला भाव आला की रात्रीत पत्रे जातात आणि पुढच्या पावसात लाकूड भिजतं. त्याऐवजी गंज न चढणाऱ्या पोलादाचे पत्रे घालायचे तर फॅकल्टी हवी. आढ्याला वटवाघळं असतात. कायद्याने त्यांना हात लावता येत नाही, म्हणून काम त्यांच्या विणीचा काळ टाळूनच करायचं. दर पाच वर्षांनी वास्तुविशारद येऊन तपासणी करतो आणि कामांची लांब यादी देऊन जातो. ती यादी हातात घेऊन आमच्या कोषाध्यक्षबाई जशा गप्प झाल्या, ते पाहून मलाच पोटात कालवलं.

मग गाव काय करतं? वर्गणी, अनुदानासाठी अर्ज, आणि जत्रा. उन्हाळ्यातली ही जत्रा, म्हणजे फेट, आई असतानाच आली. चर्चमागच्या शेतात टेबलं मांडली. केकचं टेबल, रोपांचं, जुन्या पुस्तकांचं, जॅमच्या बाटल्यांचं. प्रत्येक बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी: कुठली बोरं, कधी केला. आईने घरात असलेल्या गूजबेरीचं लोणचं घालून दिलं होतं, मोहरीची फेस भरपूर. सहा बाटल्या पाऊण तासात गेल्या. त्यांतली एक ज्यांनी नेली त्या पबवाल्यांनी संध्याकाळी परत येऊन विचारलं की हे चीजबरोबर खायचं की मटणाबरोबर. आई म्हणाली, भाकरीबरोबर. मी भाषांतर केलं, पण भाकरीला शब्द सापडेना.

व्हिकरही त्या दिवशी आल्या होत्या, घाईत. त्यांच्याकडे सात गावं, सात चर्च, सात छपरं. १९९४ पासून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बायकांना पाद्री होता येतं आणि आज गावांकडची बरीच धुरा त्याच वाहतात. पूर्वी प्रत्येक गावाला एक पाद्री आणि त्याचं मोठं घर होतं. ती घरं केव्हाच विकली गेली. आता आमच्याकडे उपासना दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी. बाकीच्या रविवारी कधी निवृत्त शिक्षिका प्रार्थना चालवतात, कधी काहीच नसतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४६.२ टक्के. आमच्या गावात ही घसरण आकड्यांवरून कळत नाही, चहाच्या वेळापत्रकात तीच ती नावं फिरत राहतात त्यावरून कळते.

तरीही गुरुवारी संध्याकाळी मनोऱ्यात दिवा लागतो. तो घंटावाल्यांचा दिवस.

इंग्लंडमधली घंटा लोंबत वाजत नाही. ती चाकाला बांधलेली असते आणि तोंड वर करून उलटी उभी केलेली असते. खालून दोरी ओढली की पूर्ण गरगर फिरून पुन्हा उलटी उभी राहते, आणि त्या एका फेऱ्यात एकच ठोका देते. दोरीला हाताच्या उंचीवर लोकरीचा जाड पट्टेदार गुंडाळा असतो. तो हातात घेतला की गार आणि किंचित ओलसर लागतो. अर्धा टन वजन डोक्यावर फिरतंय, त्यामुळे ठोका फार लवकर किंवा फार उशिरा देता येत नाही. जेमतेम एक जागा पुढे किंवा मागे सरकता येतं. म्हणून इथे गाण्याच्या चाली वाजत नाहीत, क्रम वाजतात. १२३४५६, मग २१४३६५, अशी शेजारच्या-शेजारच्यांनी जागा बदलत जायची, कुठलाही क्रम दुसऱ्यांदा न येऊ देता. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४०. ते वाजवायला तीनेक तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम १९६३ मध्ये लफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यात आठ जणांनी सलग वाजवले, जागा न सोडता, जवळजवळ अठरा तास. कागद समोर ठेवायचा नसतो, सगळं पाठ.

मी तिसरी घंटा शिकते आहे. तिला थोपवून धरायचं म्हणजे ढकलायचंही नाही आणि सोडायचंही नाही, तोल आला की हातांना आपोआप कळतं. आमच्यातले दोघे देव मानत नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणतात, घंटा गावाच्या आहेत, वाजल्या पाहिजेत. जून १९४० मध्ये या घंटा सरकारने बंद केल्या होत्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या म्हणून. नोव्हेंबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनच्या विजयासाठी त्या एक दिवस वाजल्या. आमच्या गावातल्या एक आजी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, "आईने काम टाकून मला कडेवर घेतलं आणि दारात उभी राहून रडली."

या घंटांचा एक धागा पुण्यापर्यंत जातो. गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चचा उंच मनोरा आहे, त्यात लफबरोहून आलेल्या आठ घंटा आहेत. हे तेच पंचहौद मिशन, जिथे १८९० मध्ये टिळक, रानडे प्रभृती मंडळी चहाला गेली आणि पुण्यात ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद) झालं. तिथे काम करणाऱ्या जोगिणी इंग्लंडमधल्या वॉंटेज या गावच्या मठातून आलेल्या. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये उतरल्या त्या याच मठात, आणि १८८३ मध्ये वॉंटेजलाच त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आईने पंचहौदचा मनोरा कैक वेळा रिक्षातून पाहिला होता. आमच्या मनोऱ्यात चढून दोरी हातात धरल्यावर तिला त्याची आठवण झाली.

बाकीचं गावजीवन या इमारतीभोवतीच फेर धरून असतं. १९१५ पासून पसरलेल्या विमेन्स इन्स्टिट्यूटच्या सभा, पहिल्या महायुद्धातल्या मृतांची नावं कोरलेला क्रॉस, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता त्याच्यापुढे पाळलेली दोन मिनिटं. आमच्या क्रॉसवर एकाच आडनावाची तीन नावं आहेत.

शरदात कापणीचा सण येतो. तो वाटतो तितका पुरातन नाही. कॉर्नवॉलमध्ये समुद्राकाठच्या मॉर्वेनस्टो गावचा पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर याने १८४३ मध्ये नव्या पिकाच्या भाकरीने खास उपासना केली आणि तिथून ही प्रथा देशभर गेली, असं मानतात. हा हॉकर फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी किनाऱ्यावर वाहून आले की त्यांना स्वतः उचलून आणून चर्चच्या आवारात रीतसर दफन करायचा. आमच्याकडे त्या दिवशी खिडक्यांच्या कट्ट्यांवर सफरचंदं, भोपळे, हॉप्सच्या वेली आणि शेजारी डाळीचे, सूपचे डबे असतात. डबे गरजूंच्या अन्नकोठीला जातात. मी दरवर्षी तूरडाळ ठेवते.

काही गावांनी छपराचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या यार्पोल गावाने २००९ पासून चर्चच्या आतच गावाचं दुकान आणि टपाल कार्यालय चालवलं आहे. आईला घेऊन गेलो तेव्हा एका बाजूला वेदी, दुसऱ्या बाजूला दूध, पाव, वर्तमानपत्रं, आणि वर सज्जात कॉफी. देवाच्या दारी बटाटे विकायचे का, असा प्रश्न सुरुवातीला नक्कीच कुणाला पडला असेल. पण मध्ययुगात याच जागेत सभा, मेजवान्या, देणीघेणी होत होती. बाकं ओळीने ठोकून ती फक्त रविवारची करून टाकली ती पुढच्या काळाने. मला विचाराल तर यार्पोलचं चर्च जास्त जुन्या वळणाचं आहे. ज्यांना हे जमलं नाही आणि जी चर्च उपासनेसाठी बंद झाली, अशी साडेतीनशेहून अधिक एक विश्वस्त संस्था सांभाळते. ती नीटनेटकी असतात, उघडी असतात, आणि आत गेलं की गार वाटतं.

आई परत जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तिकडे गेलो. त्याच बाई, तेच यंत्र. आईने मला पुढे केलं: "विचार त्यांनाच, हे कुणाचं म्हणून." मी विचारलं. त्यांनी यंत्र बंद केलं, हातमोजा काढून घाम पुसला, आणि आवारातल्या जुन्या यू झाडाकडे बोट दाखवलं.

"त्या झाडापर्यंतचं माझं," त्या म्हणाल्या. "पलीकडचं गवत पबवाले कापतात. भिंतीलगतचं मात्र मागच्या वर्षीपासून कुणीच घेतलेलं नाही."

आईने भिंतीकडे पाहिलं. गुडघाभर गवत होतं. साडीचा पदर खोचून ती मला म्हणाली, "यांच्याकडे विळा असेल का, विचार."